लार्क स्ट्रीटची तबकडी

रविवार, ५ जानेवारी १९७५

ही वही आजपासून चर्चमध्येच राहणार. पायपेटीच्या भात्यामागची एक फळी सुटी आहे, तिच्याआड. बुधवारी गाण्याच्या सरावाला आणि रविवारी प्रार्थनेला मी येतेच. सगळे गेले की थोडा वेळ बसून लिहीन. घरी ठेवायची माझी छाती नाही. झडती कधी होईल सांगता येत नाही, आणि मनातलं कुठेतरी ओतल्याशिवाय मला राहवत नाही.

आज जेवताना लायनेल म्हणाला, "मा, मला गाण्यांची तबकडी काढायची आहे. आपल्या लार्क स्ट्रीटची."

माच्या हातातला डाव हवेतच राहिला. 

लायनेल माझा थोरला भाऊ. सॅक्सोफोन वाजवतो. जॅझच्या नादापायी लग्न राहिलं, असं मा म्हणते. गेल्या ऑगस्टपासून त्याच्यावर सरकारी बंदी आहे. तुरुंगात नाही, घरीच असतो. पण घरच्यांखेरीज एका वेळी एकाच माणसाला भेटायचं. दुसरा आला की तो जमाव, आणि जमाव म्हणजे तुरुंग. शाळेत संगीत शिकवायचा, ती नोकरी गेली. चर्चला यायची सोय नाही. दर सोमवारी ठाण्यात जाऊन सही करायची. त्याचं नाव कुठे छापायचं नाही. गुन्हा काय, तर आमची वस्ती पाडायला निघालेल्यांना तो वर्गातल्या मुलांसमोर चोर म्हणाला.

"तबकडीला चार माणसं लागतात," मी म्हणाले. "तुला दोन चालत नाहीत."

"तेच बघायचंय."

"आणि वर नाव कुणाचं घालणार?"

"गल्लीचं."

मा म्हणाली, "गल्लीत उरलंय काय बाळा? चार घरं आणि मांजरं."

"म्हणूनच घाई आहे, मा."

खरंच चारच घरं उरलीत. डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या बाकीच्या गल्ल्यांचं तेच. गोऱ्यांसाठी जागा हवी म्हणून आम्हाला एकेक करून वाळूच्या माळावरच्या नव्या इमारतींत पाठवतात. मागे राहिलेल्या घरांची आधी दारं चोरीला जातात, मग खिडक्या. वारा सुटला की सगळीकडे पत्रे आपटतात. रिकाम्या घरांत टोळ्यांची पोरं शिरून बसतात आणि आतून शिट्ट्या मारतात. कारखान्यातून येताना शिट्टी ऐकू आली की मी चपला हातात घेऊन पळते. बत्तिसाव्या वर्षी!

देवा, हे तबकडीचं खूळ त्याच्या डोक्यातून काढ.

बुधवार, ८ जानेवारी

खूळ निघालं नाही. उलट त्याला हातपाय फुटलेत.

सगळं भिंतीवर अवलंबून आहे. शेजारचं जेकब्ज कुटुंब नाताळाआधी गेलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, आणि त्यांच्या बाजूने ती अर्धी सोललेली आहे. ढोल त्यांच्या रिकाम्या घरात. बास, म्हणजे ते खर्जातलं उंच तंतुवाद्य, त्यांच्या मागच्या अंगणात. पियानो आमच्या पुढच्या खोलीत, म्हणजे मी. आणि लायनेल स्वयंपाकघरात, एकटा.

"प्रत्येक जण आपापल्या जागी वाजवतोय," लायनेल म्हणाला. "आता आवाज भिंतीतून गेला, तर त्याला मी काय करू? आवाजावर बंदी घातलेली नाही."

बास वाजवणारा ऑब्री आज निरोप न्यायला आला होता. एकटाच, नियमाप्रमाणे. गोदीत हमाली करतो आणि जिभेला हाड नाही. "नेलाबाई," मला म्हणाला, "तुझे दात वाजतात ते तालात वाजव. मग ढोलवाल्याचा खर्च वाचेल."

ढोलवाले म्हणजे बूता गसांत. सगळी गल्ली त्यांना थोरला भाऊ म्हणून बूताच म्हणते. कार्निव्हलच्या मिरवणुकीत त्यांचा ढोल सगळ्यांच्या पुढे असतो. आणि ध्वनिमुद्रण करणार मिस्टर सोलोमन्स, रेडिओ दुरुस्तीवाले. त्यांचं यंत्र जेकब्जच्या कोळशाच्या खोपटात राहील. तारा आमच्या खिडकीतून निघून कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळून तिकडे जातील. वर चादरी.

मी म्हणाले, मी नाही वाजवणार.

लायनेल उठला. पियानोशी बसून त्याने एका बोटाने एक सूर धरला, मग तीन स्वर. मिसेस जेकब्ज जिना उतरायची तशी धाप त्यात होती. तिसऱ्या पायरीवर थांबून ती कंबरेवर हात ठेवायची, तो थांबासुद्धा त्यात होता. माला हसू आलं आणि मग तिने ॲप्रनने डोळे टिपले.

ज्या घरासमोरून सामानाचा ट्रक निघायचा, त्या घराचं एक गाणं तो बांधत होता. मला वाटायचं तो नुसता खिडकीत उभा आहे.

मी हो म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

तीन वेळा सराव झाला. एकमेकांना न पाहता वाजवणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. सुरुवात कधी करायची ते कळत नाही. म्हणून मा दोघांच्या मधल्या दारात उभी राहते आणि लायनेलने मान हलवली की पातेल्यावर चमचा मारते. भिंतीपलीकडून बूता गसांतचा ढोल येतो. त्यामागून बास, विहिरीतून आल्यासारखा. मग स्वयंपाकघरातून लायनेल.

मान्य करते, काही क्षण मी भीती विसरते. रविवारी सकाळी कोपऱ्यावर कुसिस्टर, पाकातले गोड वडे, तळायचे, नारळाचा आणि पाकाचा वास गल्लीभर. मासेवाला शिंग फुंकत यायचा, आणि त्याच वेळी मशिदीतून हाक. ते सगळं एका गाण्यात आहे. ते वाजवताना मला कोळशाच्या धुराचा वाससुद्धा आला.

मग खिडकीतून पांढरी गाडी दिसली. कोपऱ्यावर उभी. आत दोघं. मी अख्खी एक ओळ चुकवली.

"काय झालं?" लायनेल आतून ओरडला.

"गाडी."

गाडी गेली. ती ओळ मी खिडकीकडे बघतच पुन्हा वाजवली.

रविवार, १९ जानेवारी

कुठून सुरुवात करू?

काल दुपारी ते आले. पोलिसांचा सार्जंट व्हिसर आणि एक तरुण शिपाई. दोघंही साध्या कपड्यात. दार वाजवलं नाही, ढकललं. आम्ही गाण्याच्या मधोमध होतो. मी थांबले, लायनेल थांबला, पण भिंतीपलीकडे त्यांना काय कळणार? ढोल चालूच. बासही.

व्हिसर थेट स्वयंपाकघरात. मी मागून. लायनेल खुर्चीत, मांडीवर सॅक्सोफोन. मा शेगडीपाशी टोमॅटो-मटणाची ब्रीडी ढवळत होती.

"काय चाललंय, मास्तर?"

"रियाज."

"कुणाबरोबर?"

"आईबरोबर. ती ढवळते, मी फुंकतो."

"तो ढोल कोण वाजवतंय?"

मा म्हणाली, "शेजारी."

"शेजारी गेले ना तुमचे, म्हातारे?"

"गेले. म्हणून तर दुसरे आले. रिकामं घर म्हटलं की कोणीही शिरतं. तुम्हीच तर दारं उघडी ठेवलीत, साहेब."

तरुणाला व्हिसरने पलीकडे पाठवलं. ढोल थांबला, बासही. बूता गसांतचा आवाज आला, मोठ्याने, आम्हाला ऐकू यावा म्हणून: "या साहेब, बसा! खुर्ची नाही, पण वीट घ्या. घरी बायको ढोल वाजवू देत नाही, म्हणून इथे येतो. तुमची वाजवू देते का?"

इथवर निभावलं होतं. व्हिसर वळला आणि मला म्हणाला, "आणि तू? तुला काय सांगायचंय?"

 माझी नजर खिडकीबाहेर गेली. दोरीकडे, तारा झाकणाऱ्या चादरींकडे. मी तिला थांबवू शकले नाही. जिथे बघायचं नाही, नेमकं तिथेच बघितलं.

व्हिसरने माझी नजर पकडली. तो हळूच वळला आणि खिडकीकडे एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात माने ब्रीडीचं पातेलं उचललं आणि तिच्या हातून ते सुटलं. उकळता टोमॅटो, मटण, सगळं व्हिसरच्या बुटांवर आणि विजारीवर. काय तो ओरडला! मा फडकं घेऊन त्याच्या पायाशी. "अरे देवा, साहेब, हात कापतात हो आता, वय झालं, बूट काढा, बूट काढा." तो शिव्या देत, लंगडत नळाकडे, आणि तिथून गाडीकडे. जाताना दारात माझ्याकडे बोट केलं. "हिच्याशी बोलायचंय मला. निवांत."

ते गेल्यावर माने खालचं मटण गोळा केलं. तिच्या हातावर फोड आले होते. कोणीही मला एका शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लायनेलने फक्त विचारलं, "नेला, तू अजून वही लिहितेस?"

"हो."

"त्यात सगळं लिहितेस?"

"सगळं. पण ती घरी नाही."

"हं," म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेला.

रविवार, २६ जानेवारी

व्हिसर परत आला नाही. रोज वाटतं, आज येणार. शिवणयंत्रावर बसले तरी कान दाराकडे. मंगळवारी कारखान्यातल्या मुकादम बाईंनी माझं नाव पुकारलं तेव्हा सुई बोटातून आरपार गेली. त्यांना फक्त बाहीचे तुकडे हवे होते.

घरातलं वागणं बदललंय. मी खोलीत गेले की मा आणि लायनेल बोलायचे थांबतात. मग मा म्हणते, "कांदे महागलेत." कितीदा महागणार कांदे?

मला ठाऊक आहे, त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेलाय.

मा या भर उन्हाळ्यात स्वेटर विणते आहे. जाड लोकरीचा, काळा. अंगाला चिकटते लोकर, तरी विणतेच आहे. म्हणते, चर्चच्या हिवाळी बाजारासाठी. माप मात्र लायनेलच्या पाठीवर घेते. "उंच माणसाला तयार कपडा मिळत नाही," म्हणते, "चटकन विकला जाईल." आमच्या चर्चमध्ये एवढा उंच माणूस कोण आहे?

बुधवार, २९ जानेवारी

नोटीस आली. फेब्रुवारीअखेर घर सोडायचं. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. जिना अरुंद आहे, पियानो जाणार नाही, असं पाहून आलेल्या ऑब्रीने सांगितलं.

म्हणजे आधी ध्वनिमुद्रण. लायनेलने दिवस ठरवला, पुढच्या आठवड्यातला शनिवार.

त्याने आज विचित्र मागणी केली. प्रत्येक गाण्याचा शेवट पियानोवर घ्यायचा, सॅक्सोफोनवर नाही. मी म्हणाले, लोक तुझा सॅक्सोफोन ऐकायला घेणार तबकडी. तर म्हणतो, "फुंकणाऱ्याचा दम संपतो, नेला. पियानोचा संपत नाही." मग सगळी गाणी मला एकटीला, त्याच्याशिवाय वाजवायला लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. चुकले की पुन्हा. इतका कडक तो माझ्याशी लहानपणीही नव्हता. शेवटी मी रडले.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मला वाटतं, त्या दिवशीची शिक्षा देतोय.

रविवार, २ फेब्रुवारी

पलीकडच्या टोकाला बुलडोझर आलाय. पिवळा. शुक्रवारपासून ते टोक पाडताहेत. म्हाताऱ्या मिस्टर पीटर्सचं घर रिकामं आहे म्हणून आधी. भिंत पडली की आमच्या कपाटातल्या बशा वाजतात.

लायनेलने त्याचा चांगला कोट ऑब्रीला देऊन टाकला. "मला घट्ट होतो," म्हणाला. घट्ट? बंदी आल्यापासून तो निम्मा झालाय, विजारीला दोरी बांधतो. ऑब्री एरवी अशा वेळी दहा टोमणे मारेल. त्याने कोट घेतला, घडी घातली आणि काही न बोलता गेला. ऑब्री, आणि गप्प!

बाबांच्या कबरीवरही दोघं जाऊन आले, मा आणि तो. गवत काढायला म्हणे. मला सांगितलंही नाही. मी आले असते ना.

 माला काही आजार झालाय का? की त्याला? त्याला अटक होणार असं कुणीतरी कळवलंय का? विचारायचं धाडस होत नाही. विचारलं आणि त्यांनी सांगितलं, तर?

रविवार, ९ फेब्रुवारी

झालं. काल झालं.

सकाळपासून बुलडोझर चालू होता, आमच्यापासून तीन घरं सोडून. मिस्टर सोलोमन्सनी कोळशाच्या खोपटातून निरोप पाठवला की यात काही ऐकू येणार नाही. आम्ही वाट पाहत बसलो. मी खिडकीशी, पांढऱ्या गाडीवर डोळे लावून. हाताला इतका घाम की मी फडकं मांडीवर ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीला बुलडोझर बंद झाला. बूता गसांत आधीच त्या ड्रायव्हरकडे जाऊन आले होते. तो आमच्यातलाच, पोटासाठी करतो. बूतांनी त्याच्यापुढे बायकोच्या हातच्या करीचा डबा ठेवला. "सावकाश खा, पोरा," म्हणाले. "आज चावून चावून खा. पोटाला बरं."

माने पातेल्यावर चमचा मारला.

एकामागून एक वाजवत गेलो. थांबायला वेळच नव्हता. मध्ये एकदा वाऱ्याने चादर उडाली आणि तार उघडी पडली. माने धावत जाऊन तिच्यावर स्वतःचा परकर टाकला. एकदा रिकाम्या घरातून शिट्टी आली, लांब, वर चढत जाणारी. माझी बोटं गोठली. पण लायनेलने तोच सूर सॅक्सोफोनवर उचलला आणि पुढे नेला. ती शिट्टी तबकडीत आहे आता.

शेवटचं आमच्या घराचं. तो सुरुवात करतो, मी खालून साथ धरते, ढोल नुसता बोटांनी. दुसऱ्या वळणावर सॅक्सोफोन थांबला.

थांबायचं ठरलं नव्हतं. मी ऐकत राहिले. स्वयंपाकघरातून आवाज नाही, श्वास नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: मागच्या दाराने आले. त्याला धरलं. तोंडावर हात ठेवलाय. मला उठायचं होतं, आणि पाय उठेनात. बोटं मात्र चालत होती. शंभरदा घोटून घेतलेलं, ते आपोआप येत गेलं. ढोल थांबला, बासही थांबला. त्यांनाही तेच वाटलं असेल. मी एकटीच वाजवत होते, भीतीने, कारण थांबले तर वळून पाहावं लागलं असतं.

शेवट झाला. मी धावले.

लायनेल खिडकीला टेकून उभा होता. सॅक्सोफोन टेबलावर. एकटाच. गाल ओले.

"काय झालं तुला? मेले ना मी इथे!"

"काही नाही. ऐकत होतो."

"ऐकत होतास? वाजवायचं सोडून?"

"एकदा नुसतं ऐकायचं होतं, बाहेरून," म्हणाला. "छान वाजवतेस, नेला."

मी त्याला बुक्की मारली. खरीखुरी, खांद्यावर. मग बुलडोझर सुरू झाला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सोमवारी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा लायनेल दाढी करत होता. मिशीही काढली. मी म्हणाले, वांग्यासारखा दिसतोस. तो हसला, आणि साबणासकट माझा मुका घेतला. ठाण्यात सही करायला गेला, तो घरी आलेला नाही.

मा म्हणते ऑब्रीकडे आहे. दोन रात्री? रात्री घराबाहेर राहायची परवानगी नाही त्याला! मी ऑब्रीकडे जाऊन येते म्हणाले तर माने दार अडवलं. "बस खाली. जेव."

ती जेवली. नीट, दोन वेळा वाढून घेऊन. मला समजत नाही. तिला भीती कशी वाटत नाही?

बुधवार, १९ फेब्रुवारी



परवाच्या सोमवारी लायनेल सहीला गेला नाही. मंगळवारी सकाळी ते आले. घर उलटंपालटं केलं, गाद्या फाडल्या, पियानोचं झाकण उपटलं. मला गाडीत घातलं. माला नाही, मला. व्हिसरला माझी ती नजर आठवत होती.

खोलीला खिडकी नव्हती. टेबल, दोन खुर्च्या. एक माझ्यामागे उभा, दिसत नव्हता पण त्याचा श्वास मानेवर लागत होता.

"तुझा भाऊ कुठे आहे?"

"माहीत नाही."

"कधी गेला?"

"आधीच्या सोमवारी सहीला आला होता. तेव्हापासून नाही."

"कुणी नेलं?"

"कुठे नेलं?" मी विचारलं. मलाच कळेना तो काय म्हणतोय. "तो अटकेत नाही? तुम्ही धरलं नाही त्याला?"

मग मी रडायला लागले. मीच त्यांना विचारत सुटले, तो जिवंत आहे का, सांगा, पाया पडते, त्याला कुठे ठेवलंय. किती वेळ ते चाललं मला ठाऊक नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला, केस ओढले, पुन्हा तेच प्रश्न, आणि मी पुन्हा तेच. शेवटी व्हिसर माझ्यासमोर बसला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माझा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, त्यात एकही ओळ लपत नाही, हे त्याला माहीत होतं.

"सोडा हिला," मागच्याला म्हणाला. "हिला काही माहीत नाही."

घरी आले तेव्हा मा फाटलेली गादी शिवत बसली होती. माझे केस बघून तिने सुई खाली ठेवली.

"बोलली नाहीस ना काही?"

"काय बोलणार? मला काही माहीतच नव्हतं!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "म्हणूनच सांगितलं नाही, पोरी. तो सीमेपार आहे. रविवारी निरोप आला."

मी उभीच होते. स्वेटर, कोट, मिशी, कबर. सगळं तिथे माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी कांद्यांचा विचार करत होते.

"तू मला त्यांच्या तोंडी दिलंस," मी म्हणाले.

"दिलं," मा म्हणाली. तिने नजर वळवली नाही. "तू त्यातून बाहेर येशील हे ठाऊक होतं. तो आला नसता."

मी तिच्याशी अजून बोललेले नाही.

रविवार, २ मार्च

शुक्रवारी ट्रक आला. पियानो चर्चच्या सभागृहात. आमच्यामागे घर दोन दिवसही टिकलं नाही, असं बूता गसांत म्हणाले. मी बघायला गेले नाही. आजही आले ती दुसऱ्या रस्त्याने.

नव्या इमारतीचा जिना अंधारा आहे. प्रत्येक मजल्यावर पोरं बसलेली, कुणाची ओळख नाही. खाली काल कुणाला तरी भोसकलं. मा आणि मी एका खोलीत झोपतो. आता बोलतो थोडं. मीठ दे, दार लाव, एवढं.

रविवार, १५ जून

मिस्टर सोलोमन्स आज चर्चमध्ये थांबले होते. तबकडी निघाली. ध्वनिमुद्रणाच्या फिती जोहान्सबर्गला कशा गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. वेष्टन साधं पांढरं, त्यावर फक्त 'लार्क स्ट्रीट'. वाजवणाऱ्याचं एकाचंही नाव नाही. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक माझ्यापुढे धरली.

"घे. तुझीच आहे."

मी घेतली नाही. घरात सापडली तर काय? मी हात मागे बांधले. त्यांनी ती पुन्हा पिशवीत ठेवली. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

माला सांगितलं. ती म्हणाली, "शहाणी आहेस." पण झोपताना विचारलं, वेष्टनावर काय लिहिलंय ते.

लायनेलची काही खबर नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

काल ऊन पडलं म्हणून मी खाली चादरी वाळत घालत होते. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली आणि सॅक्सोफोन ऐकू आला.

माझ्या हातातली चादर वाळूत पडली. पहिला विचार आला तो पोलिसांचा. इतक्या मोठ्याने! वेडी आहेत का ही माणसं? मी कोपऱ्याकडे बघितलं, रस्त्याकडे, गाडी आहे का. मग पळायला वळले.

"ऐकलंस?" शेजारच्या दोरीवरची बाई म्हणाली. तोंडात चिमटे, जाडजूड, डोक्याला फडकं. दुसऱ्या मजल्यावर राहते, मिसेस अब्राहम्स, एवढंच मला माहीत. "लार्क स्ट्रीट. माझ्या दिरानेही आणलीय. इथे पाच-सहा घरांत तरी आहे. बाहेर बोलू नकोस हं कुठे."

"नाही बोलणार."

"तू डिस्ट्रिक्टमधलीच ना? कुठली?"

"तिथलीच," मी म्हणाले.

"आम्ही चढावरचे, धोबीघाटाच्या बाजूचे. नाव लार्क स्ट्रीटचं दिलंय, पण ऐक, हे आमच्याच गल्लीचं आहे. हा बघ, हा ठेका, हा आमचा जिना. माझे सासरे असेच उतरायचे, काठी टेकत. कुणीतरी आमच्याकडे राहिलेलाच माणूस असणार हा."

ते खरं तर कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाचं गाणं. वस्तऱ्याला धार लावण्याचा ठेका. मी तो महिनाभर घोटला होता.

वरच्या आणखी एका खिडकीतून एक म्हातारा बाहेर वाकला आणि ओरडला, "मोठं कर रे!" आवाज मोठा झाला. माझा पियानो आला. कुठल्याही क्षणी रस्त्यावर गाडी वळेल असं वाटत होतं. अजूनही, हे लिहितानाही वाटतंय.

"हे तुमच्याच गल्लीचं," मी मिसेस अब्राहम्सना म्हणाले.

"सांगतेय काय मग!" ती म्हणाली, आणि माझ्या पडलेल्या चादरीचं दुसरं टोक तिने उचललं. आम्ही दोघींनी मिळून वाळू झटकली. वाळत घालायला कपडा उरला नव्हता, तरी तबकडीची ती बाजू संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.